मला बेडकी म्हणतात

हो, मीच बोलतेय. फुटपाथला लागून उभी आहे ती निळी गाडी. तुम्ही आत्ता माझ्याकडे बघून बरोबरच्या माणसाला कोपराने ढोसलंत आणि म्हणालात, "बेडकी बघ." मी ऐकलं. माझ्या काचा वर असल्या तरी मला सगळं ऐकू येतं. हसून झालं असेल तर जरा थांबा. सोळा वर्षं मी ऐकून घेतलंय, आज थोडं तुम्ही ऐका.

माझं खरं नाव वेगळं आहे. कारखान्यात ते माझ्या पाठीवर चंदेरी अक्षरांत चिकटवलं होतं. कुठल्याशा ताऱ्याचं नाव होतं. ते ठरवायला बरीच मोठी माणसं बरेच महिने बसली होती, असं माझी दारं बसवणारे कामगार आपसात बोलायचे. मला ते आवडलं होतं. नवी कोरी होते, जगाची कल्पना नव्हती, वाटलं आता आयुष्यभर हेच नाव.

रस्त्यावर आल्यावर ते तीन आठवडेसुद्धा टिकलं नाही. माझे दिवे बॉनेटच्या वर जरा उंच आलेले, वटारलेल्या डोळ्यांसारखे. समोरची जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाकलेली. शिवाय इंजिन गार असताना पहिल्यावरून दुसरा गियर टाकला की मी किंचित उडी मारते. लोकांना एवढं पुरलं. कुठल्या तरी चौकात कुणी तरी पहिल्यांदा 'बेडकी' म्हणालं, आणि माझ्या बनावटीच्या जेवढ्या म्हणून गाड्या होत्या, लाल, पांढऱ्या, राखाडी, सगळ्यांना ते चिकटलं. मी निळी आहे. हिरवी असते तर एक वेळ समजून घेतलं असतं.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. माणसांना ते टिंब दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार.

मला घरी आणलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. गडी उमदा होता. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, हातांना कायम ग्रीसचा वास. माझ्या मागच्या सीटवर त्याची अवजारांची पेटी, तारांची भेंडोळी आणि एक जुनी सतरंजी असायची. कुठे लिफ्ट अडकली की फोन यायचा आणि आम्ही निघायचो. अडकलेल्या माणसांशी तो दाराच्या फटीतून असा गप्पा मारायचा, की बाहेर काढेपर्यंत ती घाबरायचं विसरून गेलेली असायची. त्याच्यावर सगळे खूश असत.

पण त्याला एक खोड होती. दिसेल त्याला टोपणनाव द्यायचं. त्यातही गाड्यांना. त्याच्या शेजारी बसून शहर ओलांडणं म्हणजे बारशांची रांग. समोरून उंच, अरुंद गाडी आली की म्हणायचा, "कपाट आलं." चपटी, रुंद, तपकिरी आली की झुरळ. डॉक्टरांची लांबलचक काळी गाडी म्हणजे मगर, बेकरीवाल्याची बसकी गाडी म्हणजे इस्त्री, आणि समोरच्या इमारतीतल्या वकिलाची नवी, महाग, गोल गोल गाडी म्हणजे सुजलेला वाटाणा. ही नावं गल्लीत पसरायची. वकील स्वतःच एकदा पार्किंगमध्ये म्हणाला, की जरा वाटाणा मागे घेतो. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तो तीन दिवस लिफ्टवाल्याशी बोलला नाही.

मला मात्र त्याने नवं नाव दिलं नाही. लोकांनी दिलेलं तयार होतं, तेच त्याने लाडाने वापरलं. सकाळी बॉनेटवर थाप मारायची आणि म्हणायचं, "चला बेडकीबाई, टुणकन." त्या 'टुणकन'ची मला इतकी चीड यायची की काही वेळा मी मुद्दाम सुरू व्हायची नाही. त्यावर तो म्हणायचा, "रुसली बघा बेडकी." म्हणजे रुसण्याचीही सोय नाही.

त्याची बायको पडदे शिवायची. घरातली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. एका भिंतीला मोठं मेज, त्यावर शिलाईचं यंत्र, कापडाचे गठ्ठे, डब्यात कड्या आणि हूक. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ती खिडकीचं माप घ्यायची, आणि एकदा घेतलेलं माप पुन्हा घ्यायची. डावीकडून वेगळं, उजवीकडून वेगळं, मधून वेगळं. खिडक्या सरळ नसतात, असं तिचं म्हणणं होतं. तिचा पडदा कधी जमिनीवर लोळला नाही की वर लोंबकळला नाही. पण वेळ लागायचा. खाली नवरा माझ्यात बसून हॉर्न वाजवायचा.

तिला तो गोगलगाय म्हणायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात म्हणे पडलं ते नाव. कुठे तरी जायचं होतं, तिला साडी नेसायला उशीर झाला, तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. तेव्हापासून बावीस वर्षं. "गोगलगाय, चहा झाला का?" "आमची गोगलगाय येतेय मागून." सासरी, माहेरी, गल्लीत सगळ्यांना ठाऊक. त्याचा धाकटा भाऊ समोर वहिनी म्हणायचा, पण पाठीमागे तोही तेच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हेतू वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

मी तिला आरशातून बघायची. माणसं हसतात तेव्हा गाल वर जातात. ते नाव ऐकल्यावर तिचे गाल वर जायचे, पण डोळे जागच्या जागी. मी गाडी आहे, मला आरशात बघायची सवय आहे, एवढं मला कळतं.

तिने एकदा गाडी शिकायचं काढलं होतं. तो म्हणाला, "बेडकीवर गोगलगाय? पोचणार कधी?" विषय तिथेच संपला.

मग एका मंगळवारी तो एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मोटर तपासत असताना त्याच्या हातातला पाना पडला. उचलायला वाकला आणि उठता आलं नाही. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, वाचा वाचली, डोकं शाबूत राहिलं. उजवा हात आणि उजवा पाय मात्र लुळे पडले. मला तिथून दुसऱ्याच कुणी तरी घरी आणून लावलं. पुढे नऊ आठवडे मी जागेवरून हलले नाही. माझ्यावर धूळ साचली आणि गल्लीतल्या कुणी तरी त्या धुळीत बोटाने बेडकीचं चित्र काढलं. चांगलं काढलं होतं, पण मला काय त्याचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पहिले सहा महिने सोन्यासारखे. आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं, एकही वार चुकवायचा नाही, तर हात बराचसा परत येईल. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. भाड्याची गाडी कधी यायची, कधी यायची नाही, कधी त्याला आत बसवायला वेळ लागतो म्हणून ड्रायव्हर कटकट करायचा. दोन आठवड्यांत चार वार चुकले. तो खिडकीत बसून रस्त्याकडे बघायचा आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं उघडायचा, मिटायचा.

त्यात धाकटा भाऊ एके दिवशी एका माणसाला घेऊन आला. माझ्याभोवती फिरून झालं, टायरला लाथ मारून झाली. भावाचं म्हणणं सरळ होतं. आता दादा चालवणार नाही, वहिनींचा प्रश्नच नाही, मग उभी गंजवून काय करायची? तो माणूस म्हणाला, बेडकीला अजून मागणी आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही त्याच नावाने.

ती वरून खाली आली. गळ्यात मापाची टेप तशीच होती. दिराला म्हणाली, "भावजी, गाडी राहू दे. मी शिकणार आहे." दीर हसायला लागला. तिने त्या दुसऱ्या माणसाला चहाचं विचारलं, तो नको म्हणाला, तेव्हा तिने त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

तिला शिकवलं तळमजल्यावरच्या मावशींनी. मावशींनी तीस वर्षं बस चालवली होती आणि आता गुडघ्यांमुळे घरी होत्या. त्यांना पहिल्या दिवशी माझ्यात बसायला पाच मिनिटं लागली, पण बसल्यावर त्या अशा बसल्या की मीच सरळ झाले. शिकवायची पद्धत साधी. ओरडायचं नाही, पाठही थोपटायची नाही. ती क्लच चटकन सोडायची, मी आचके देऊन बंद पडायची. मागे हॉर्नचा गदारोळ व्हायचा. तिच्या कपाळावर घाम. मावशी समोर बघत म्हणायच्या, "त्यांना घसा आहे, ओरडू दे. तुला पाय आहेत, तू पायांकडे बघ."

पहिला महिना वाईट गेला. एकदा तिने मला दूधकेंद्राच्या पायरीवर चढवलं. एकदा उलट्या दिशेने घेऊन गेली आणि समोरून कचऱ्याची गाडी आली. घरी आल्यावर नवरा खिडकीतून विचारायचा, "आज कुणाला उडवलंस गोगलगाय?" गल्लीतले लोक वर बघून हसायचे. तो बिचारा दिवसभर एकटा बसलेला असायचा, त्याला वाटायचं आपण गंमत करतोय. ती गाडीला कुलूप लावायची आणि जिन्यात मधल्या वळणावर थोडा वेळ उभी राहायची. मग वर जायची.

आणि एक सांगू? ती जितकी मापात अचूक होती तितकीच हळूहळू गाडीत झाली. पार्किंगला जागा दिसली की थांबायची, आधी नजरेने मोजायची, मग मला आत घालायची. दोन्हीकडे सारखी जागा सुटायची. तिच्या नवऱ्याने सोळापैकी बारा वर्षं मला चालवलं, पण माझ्या डाव्या कुशीवरचे सगळे ओरखडे त्याच्या घाईचे आहेत. तिचा एकही नाही.

परीक्षेत पहिल्यांदा ती नापास झाली. चढावर थांबवायला सांगितलं आणि मी दोन हात मागे घरंगळले. त्यात माझीही थोडी चूक होती, हँडब्रेक सैल झाला होता. दुसऱ्या वेळी परीक्षक फळीवर कागद लावून बाहेर आला आणि त्याने तिचं पूर्ण नाव पुकारलं. कुणी पुढे आलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. ती माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती आणि इकडे तिकडे बघत होती, कोण बाई आहे म्हणून. तिसऱ्यांदा मावशींनी तिला ढकललं, "अगं, तूच ना ती."

त्या दिवशी ती पास झाली. पण गाडीत बसल्यावर तिने लगेच किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मावशींना वाटलं आनंद झाला असेल.

पुढच्या सोमवारी तिने पहिल्यांदा नवऱ्याला माझ्यात बसवलं. आधी पाय, मग काठी, मग पट्टा. तो खरंच खूश होता. इतक्या महिन्यांत त्याला असं बघितलं नव्हतं मी. गल्लीतून निघाल्यापासून त्याने डाव्या हाताने फोन धरला आणि एकेकाला बातमी द्यायला सुरुवात केली. आधी भावाला, मग कामावरच्या जुन्या सोबत्याला, मग मेहुण्याला. प्रत्येकाला तेच वाक्य, मोठ्या आवाजात, अभिमानाने: "अरे, आमच्या गोगलगाईला लायसन्स मिळालं. होय, बेडकीवर बसून चाललोय."

चौथा फोन लावत होता तेव्हा तिने दिवा लुकलुकवला, आरसा बघितला, मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि हँडब्रेक ओढला. त्याला वाटलं काही बिघडलं.

"फोन ठेवता का जरा?" ती म्हणाली.

त्याने ठेवला.

"मला त्या नावाने हाक मारू नका. यापुढे कधीच."

तो हसला. म्हणाला, "अगं, प्रेमाने म्हणतो मी."

"प्रेमाने म्हणता, माहीत आहे मला. म्हणूनच बावीस वर्षं काही बोलले नाही. पण म्हणणारे तुम्ही असता, ऐकायचं मला असतं. परवा परीक्षेला माझं नाव तीनदा पुकारलं, आणि मला कळलं नाही की ते माझं आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग समोर बघितलं. मागून येणाऱ्या गाड्या आमच्या बाजूने सर् सर् निघून जात होत्या. शेवटी तो म्हणाला, की व्यायामाची वेळ चुकेल. तिने मला पुन्हा रस्त्यावर घेतलं.

मला वाटलं, सुटलो दोघी. एक नाव गेलं, आता दुसरं जाईल. तिच्या तोंडून माझीही बाजू येईल, अशी माझी भाबडी आशा होती.

झालं काय, तर तो गप्पच झाला. तिला हाक मारायची वेळ आली की अडखळायचा, "अगं" म्हणून पुढचं वाक्य गिळायचा. बावीस वर्षांत जे नाव उच्चारलं नाही ते असं एकदम जिभेवर येत नाही. आणि त्याने बाकीचंही सोडलं. आठवड्यातून तीन दिवस आम्ही शहर ओलांडायचो. समोरून कपाटं यायची, झुरळं यायची, तो काचेबाहेर बघत बसायचा. मी इतकी वर्षं त्या बडबडीला कंटाळले होते, आणि आता माझ्यात नुसता इंजिनाचा आवाज. व्यायामातही त्याचं मन लागेना. तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, की ते प्रयत्न सोडताहेत.

असे पाच आठवडे गेले. मग एका सकाळी सिग्नलला आमच्या शेजारी एक गाडी येऊन थांबली. नव्या बनावटीची, रस्त्यावर नुकतीच आलेली. पुढून टोकदार, मागून एकदम कापल्यासारखी, छपराला मधोमध खळगा. अशी विचित्र गाडी मीही बघितली नव्हती. त्याने बघितली. त्याचे ओठ हलले आणि मिटले.

तिनेही बघितलं. समोरच्या लाल दिव्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "काय म्हणाल हिला?"

त्याने मान फिरवली. म्हणाला, "नको."

"सांगा ना. गाडीला काय होतंय?"

त्याने नीट न्याहाळलं. मग हळूच म्हणाला, "इंजेक्शन घेतलेला मोर."

ती हसायला लागली. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि ती अशी हसत होती की क्लच सुटला आणि मी बंद पडले. तोही हसला. हसता हसता त्याने तिला नावाने हाक मारली, तिच्या खऱ्या नावाने, की आधी गाडी सुरू कर. ती हाक तशी घाईतच गेली.

आता तुम्हीच सांगा. "गाडीला काय होतंय?" असं म्हणाली ती. जिने स्वतःच्या नावासाठी मला भर रस्त्यात थांबवलं, ती. त्यांचं मिटलं ते आमच्या जिवावर. त्या दिवसापासून माझ्यात पुन्हा बारशी सुरू झाली, आणि आता दोघं मिळून करतात. ती तर त्याच्याहून तिखट निघाली. दिराच्या नव्या गाडीला तिने ठेवलेलं नाव मी सांगणार नाही, सभ्य माणसांत बसते मी.

आणि मला? गिऱ्हाइकाचा फोन आला की ती खुशाल सांगते, "पत्ता द्या, मी बेडकी घेऊन येते." परवा धुताना माझ्या पाठीवरच्या चंदेरी अक्षरांतलं शेवटचं अक्षर निखळून पडलं. तिने ते उचललं, बघितलं आणि हुकांच्या डब्यात टाकलं. पुन्हा चिकटवायचं तिच्या मनातही आलं नाही.

तर अशी माझी कहाणी. सोळा वर्षांची झालेय. आवाज घोगरा झालाय, डाव्या मागच्या दारातून पाणी येतं, थंडीत पहिली उडी अजून मारते. मागच्या सीटवर पानेबिने नाहीत आता, पडद्यांच्या दांड्या आणि कापडाचे गठ्ठे असतात. पलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ती खिडक्या मोजतेय. सहा खिडक्या आहेत, म्हणजे अजून तासभर तरी. तो इथे दार उघडं टाकून बसलाय. उजव्या हातात पेन धरून तिची मापं वहीत स्वच्छ उतरवून काढतोय. अक्षर वेडंवाकडं येतं, पण आकडे वाचता येतात. हॉर्नला त्याने हात लावलेला नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमची स्वतःची जी कोणी गाडी असेल, कपाट असो की झुरळ, तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते आज घरी गेल्यावर एकदा वाचा. मोठ्याने वाचा. रोज म्हणू नका हवं तर, पण तिला एकदा ऐकू द्या.

थांबा, कुणी तरी येतंय. बघितलंत, आला तसा आधी टायरला लाथ. सगळ्यांची एकच रीत. वाकून आत बघतोय आणि याला विचारतोय, "बेडकी ना ही? चांगली ठेवलीय. विकणार का?"

याने वहीतून मान वर केली.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "बायकोची गाडी आहे. वर गेलीय, येईल तिचं काम झालं की."

तो माणूस म्हणाला, किती वेळ लागेल?

"लागेल तितका," असं म्हणून त्याने पुन्हा पेन हातात घट्ट धरलं.